शनिवारचे उणे पाच

लझर बिन सालम धरणावरच्या मोजणी केंद्रात सव्वीस वर्षं नोकरीला होता आणि एवढ्या वर्षांत त्यानं एकही आकडा डोकं चालवून लिहिला नव्हता. जे दिसेल तेच लिहायचं. विचार करायला ट्यूनिसमध्ये पंखे लावलेली कचेरी आहे, असं त्याचं स्वच्छ मत होतं.

सकाळी सात वाजता तो आधी बाष्पीभवनाच्या पातेल्यापाशी जायचा. अडीच-तीन हात व्यासाचं, वीतभर उंचीचं ते पत्र्याचं भांडं. उन्हानं चोवीस तासांत किती मिलिमीटर पाणी प्यायलं ते त्यात कळतं, आणि त्यावरून अख्खा जलाशय किती आटला याचा हिशेब कचेरी करते. त्यावर पाखरांनी तोंड घालू नये म्हणून जाळी असायची. ती गंजून गेली, नवी मागवली, अर्ज सातदा गेला, जाळी आली नाही. मग तो होडी काढून मध्यावर जायचा, पाण्याचं तापमान घ्यायचा आणि काळी-पांढरी तबकडी दोरीनं खाली सोडायचा. ती दिसेनाशी झाली की दोरीवरचा आकडा वाचायचा. गढूळपणा मोजायची याहून साधी रीत अजून कुणाला सुचलेली नाही.

ऑगस्टमध्ये कचेरीचं पत्र आलं. मे महिन्यापासून तुमचं बाष्पीभवन रोज दोन-तीन मिलिमीटर दिसतं, शेजारच्या केंद्रांवर नऊ आहे. शिवाय दर शनिवारी सकाळी तुमच्याकडे उणे पाच नोंदलं आहे, म्हणजे पाऊस नसताना पाणी वाढलं. खुलासा न झाल्यास आपली सर्व वर्षांची नोंद संशयास्पद धरण्यात येईल. तपासनीस येत आहेत.

लझरनं पत्र दोनदा वाचलं. सव्वीस वर्षं एका ओळीत बुडत होती. निवृत्तीला तीन महिने उरले होते आणि दाखवायला त्याच्याकडे त्या वह्यांखेरीज काही नव्हतं. मुलगा होता, वज्दी. तो मार्चमध्ये इटलीला जाणाऱ्या होडीत बसला. होडी पोचली नाही. लोक सांत्वनाला आले तेव्हा लझरनं दार उघडून सांगितलं, "पत्ता लागला नाही एवढंच कळलंय. बाकी काही कळलेलं नाही." लोक आणलेले खजूर तसेच घेऊन परत गेले. त्या दिवसापासून घरात ते नाव निघालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पातेल्याची नोंद घेतल्यावर तो होडीकडे गेला नाही. उपकरणांच्या खोलीत फटीला डोळा लावून बसला. आठ वाजता त्याची बायको सालिहा बादली घेऊन आली आणि ती सगळी पातेल्यात ओतली. चिमण्या तिच्या ओळखीच्या असाव्यात, उडाल्यासुद्धा नाहीत.

"सालिहा! हे काय चाललंय?"

ती दचकली नाही. "पाखरांना पाणी घालतेय."

"सरकारी पातेल्यात?"

"मग कुठं घालू? लोकांच्या पोरांच्या कबरीवर वाटी असते, तिथं आया पाणी ठेवतात. पाखरं पितात, पुण्य पोराला पोचतं. माझ्या पोराची कबर कुठंय, दाखवा. या भागात पाखरं येतील असं पसरट भांडं हे एकच आहे."

लझरनं त्याला जमेल ते विचारलं. "कधीपासून?"

"पोर गेल्याचा चाळिसावा दिवस झाला त्या दिवसापासून. रोज एक बादली. शुक्रवारी दोन."

"एखादा दिवस चुकला?"

"माझा?" ती म्हणाली. "तुमच्या कचेरीचा चुकेल."

त्यानं बादली मोजली. आठ लिटर, म्हणजे पातेल्यात सात मिलिमीटर. रोजच्या आकड्यात सात मिळवले, शनिवारच्या आकड्यात चौदा. एकशेबारा दिवस झाडून सगळे नवाच्या आसपास येऊन बसले. सव्वीस वर्षांत इतकी नेमकी मदतनीस त्याला कुणी दिली नव्हती.

तपासनीस शादली, तिकडच्या अदबीच्या रीतीनं सी शादली, दुपारी आले. लांब तोंडाचे, घामेजलेले. पातेलं गळतं का ते पाहिलं, बादली स्वतः भरून मोजली, बेरजा तपासल्या.

"आकडे बरोबर आहेत," ते म्हणाले. "मी तर समजलो होतो, तुमच्याकडे शुक्रवारी ऊन उलटं चालतं. वही वाचली, सी लझर. फक्त 'पाणी घातल्यास कारण' हा रकाना भरा."

"रिकामा ठेवला तर?"

"रिकामा चालत नाही. कारणाशिवाय पाणी म्हणजे खोटा आकडा."

लझरनं लेखणी उचलली आणि तशीच धरून ठेवली. जे पाहिलं नाही ते त्यानं कधी लिहिलं नव्हतं. होडी बुडताना त्यानं पाहिली नव्हती. सी शादलींनी दोनदा घड्याळ पाहिलं, मग पाहायचं सोडलं. शेवटी लझरनं लिहिलं: मयत मुलगा वज्दी याच्या नावानं पाखरांना पाणी.

सी शादलींनी ते वाचलं. मग म्हणाले, "अल्लाह त्याच्यावर दया करो. खालच्या ओळींत नुसतं 'वरीलप्रमाणे' लिहा, भागेल."

"नाही भागणार. रोज वेगळी बादली होती," लझर म्हणाला आणि दुसऱ्या ओळीत तेच वाक्य पूर्ण लिहायला लागला.

सी शादली झाडाखाली जाऊन बसले. सालिहा चहा घेऊन आली तेव्हा लझर चौथ्या पानावर होता. तिला वाचता येत नव्हतं.

"एवढं काय लिहिताय?"

त्यानं बोट ठेवून एक ओळ वाचून दाखवली. मयत म्हटलं, वज्दी म्हटलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा. सालिहानं चहाचं तबक जमिनीवर ठेवलं आणि त्याच्या शेजारी बसली.

"पुढची वाचा."

"तीच आहे."

"तीच वाचा," ती म्हणाली.