पाच दिवसांचा शेक

बायकोच्या मांडीतल्या गाठीला पाचच दिवस शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचा ठरला, तेव्हा सुरतेच्या दवाखान्यात मी मनातल्या मनात पेढे वाटले. बाकावर शेजारी नवापूरकडचे एक गृहस्थ होते, त्यांना पंचवीस दिवस सांगितले होते. मला त्यांची कीव आली. आपलं हलकं आहे, असं मी धरूनच चाललो. अक्कल बघा माझी!

डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण सगळं नीट समजावून सांगत होत्या. दिवस कमी म्हणजे आजार कमी नव्हे. रोजचा डोस मोठा, म्हणून पाच दिवसांत भागतं. कॅन्सरची गाठ आहे, पण मांसातली, हाडाला अजून लागलेली नाही. शेकानंतर महिनाभरात काढली तर पाय राहील. मऊ पडली, दुखणं थांबलं, तरी या. मी मान डोलावत होतो. डोक्यात शिरलं ते एवढंच, पाच दिवस.

रोज बायको आत जायची, थोड्या वेळात बाहेर यायची. मांडीवर जांभळ्या रेघा ओढल्या होत्या, त्या पुसायच्या नव्हत्या. सहाव्या दिवशी आम्ही सारंगखेड्याला घरी परतलो. मी गावभर सांगत सुटलो, "पाचच दिनना खेळ व्हता!"

तीन आठवड्यांत तिथली कातडी काळवंडली, पण दुखणं गेलं. गाठही हाताला मऊ लागू लागली. बायको पपईच्या ओळींतून चालत बांधापर्यंत आली, तेव्हा मला वाटलं, जिंकलो आपण.

ऑपरेशनची तारीख आणि खापरला माझ्या भाचीची हळद नेमकी एकाच दिवशी आली. मामा-मामीशिवाय लग्न होतं का कुठे? बायको एकदाच म्हणाली, "सुरतले जाई येऊत ना आपण. लगीन त्या करी लेतीन."

मी खेकसलो, "पाय दुखी ऱ्हायना का तुन्हा? नई ना? मंग?"

दवाखान्यात मीच फोन करून कळवलं, लग्न आटोपलं की येतो. तिकडची बाई काकुळतीने म्हणाली, उशीर नका करू हो. बघतो म्हटलं. हळदीत बायको नाचलीसुद्धा. मग पपईची तोड निघाली, मग गाड्या भरायच्या, मग आज-उद्या. दोन महिने गेले. एका सकाळी तिला पाय जमिनीला टेकवेना. गाठ पुन्हा कडक झाली होती आणि पहिल्यापेक्षा मोठी.

डॉक्टरीणबाईंनी नवा फोटो पाहिला. मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. गाठ हाडात शिरलीय, मोठ्या रक्तवाहिनीलाही धरलंय, पाय आता ठेवता येणार नाही, एवढंच म्हणाल्या. मी कागदावर सही केली, नेहमीसारखी वळणदार. मग बाहेर येऊन खमण खाल्लं. चांगलं लागलं, तेही आठवतं. रडू आलं नाही. अजून येत नाही. अंगाला कुणीतरी भुलीचं इंजेक्शन दिलंय आणि ते उतरायचं विसरलंय, असं चाललंय.

घरी आलो त्याच्या आठवड्याने तिचा थोरला भाऊ रनाळ्याहून भेटायला आला. ओसरीवर गावातली चार माणसं बसलेली. खाटेवर लुगड्याची एक बाजू सपाट पडलेली बघून तो माझ्याकडे वळला. "दाजी, हाई कसं व्हयनं? पाय वाचणार व्हता ना?"

मी तोंड उघडणार, तोच तिने खाटेवरून उत्तर दिलं, "त्यास्ले काय विचारस, भाऊ? तारीख डाक्टरनीच पुढे ढकली."

भावाने डॉक्टरांना शिव्या हासडल्या. चौघांनी माना हलवल्या. मीही हलवली.

सगळे गेल्यावर मी तिच्या उशाशी बसलो. असं का सांगितलंस, विचारलं. मला वाटलं, माझी अब्रू राखली म्हणेल.

"आते मले उठाडाले-बसाडाले तुमीच शेतस," ती म्हणाली. "तुमी चिडनात, तं मन्हं कोण करी?"