उकळत्या पाकातली बोटे

माघ शुद्ध दशमी, सोमवार. मुदपाकखान्यात हजर: मुख्य आचारी विष्णुभट, हाताखालचे तिघे, पंगतीला आलेले वैद्य आबाशास्त्री आणि कोठीचा कारकून म्हणून मी. कारण: आमच्या सरदारांकडे मुंज. पक्वान्न: बुंदीचे लाडू.

विष्णुभट पाकाची तार पाहायला पळीतला थेंब घेत नसत. उकळत्या कढईतच दोन बोटे बुडवत, अंगठ्याला लावून उघडत आणि म्हणत, "झाला. टाका बुंदी." चेहऱ्यावरची रेषही हलत नसे. इतर घरचे आचारी हे पाहायला मुद्दाम येत. हाताला अन्नपूर्णेचा वर आहे, असे सगळे म्हणत. मीही म्हणत असे.

त्या दिवशी शास्त्रीबुवांनी ते पाहिले आणि वाहवा करायची सोडून विष्णुभटांचा हात धरला. बोटांचे कातडे सोलवटून आत लाल दिसत होते.

"दुखतंय?"

"कुठे काय?"

शास्त्रीबुवांनी पत्रावळीची काडी बोटात खुपसली. विष्णुभट कढईकडेच पाहत होते.

"हा वर नाही, विष्णुभट. मधुमेह आहे. बोटं मेली आहेत तुमची."

मग पथ्य सांगितले: साखर, गूळ, तूप, दही आणि दुपारची झोप बंद. जवाची भाकरी, मूग, कारले. रोज पर्वतीपर्यंत पायी.

"जव? मला पागेत बांधा म्हणजे झालं," विष्णुभट म्हणाले आणि लाडू वळायला बसले.

नैवेद्याआधी त्यांनी कधी कणही तोंडात टाकला नाही. "चाखायचं पाप आपण करत नाही. खायचं पुण्य मात्र सोडत नाही," असे म्हणत आणि पंगती उठल्यावर परातीजवळ मांडी ठोकत. दोन लाडवांवर हात आखडणाऱ्याला ते विचारत, "बरं नाही का? मग घरी निजायचं. पान कशाला अडवलंत?" ज्याला गोड पचते तो निरोगी, एवढेच त्यांचे वैद्यक. मुंजीनंतरही ते बदलले नाही.

चैत्रात एके सकाळी काहीतरी जळाल्याचा वास आला. आम्ही चुली पाहिल्या, तुपाची पातेली पाहिली. विष्णुभटही आमच्याबरोबर शोधत फिरत होते. निखारा त्यांच्याच टाचेत रुतला होता.

ती जखम भरली नाही. ते शुक्रवार पेठेतल्या घरी अंथरुणाला खिळले आणि पथ्य त्यांच्या पत्नीने, सगुणाबाईंनी, हाती घेतले. घरातली साखर, गूळ शेजारी नेऊन ठेवला. जव त्या स्वतः दळत. शास्त्रीबुवांनी एक वेळ सूट दिली असती, सगुणाबाईंनी नाही. "बायको नाही, चौकी आहे," विष्णुभट मला म्हणायचे. पण जव खायचे. काळेपणा टाचेवरून घोट्यावर आणि घोट्यावरून वर चढतच राहिला.

ज्येष्ठात मी भेटायला गेलो तेव्हा अंगात ताप होता आणि खोलीत ऊद जाळूनही वास जात नव्हता. त्यांनी पत्नीला हाक मारली. "सगुणे, अर्धा लाडू दे. उरलेला अर्धा तू ठेव, जामीन म्हणून."

"आधी बरं व्हावं," त्या दारातूनच म्हणाल्या. "मग परात मांडीन पुढ्यात."

"कारकून, ऐकलंत? परात म्हणाली. साक्षीदार आहात."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

तेराव्यानंतर मी त्यांचा झारा आणि सोवळे घरी पोचवायला गेलो. सगुणाबाईंनी ते घेतले, पाणी दिले आणि मग म्हणाल्या, "भाऊजी, शास्त्रीबुवांना एक विचाराल? त्या दिवशी अर्धा दिला असता, तर काय बिघडलं असतं? माझं मन राखायला नका सांगू. ते म्हणतील तेच सांगा."

शास्त्रीबुवांचे घर माझ्या कोठीच्या वाटेवरच आहे. दोनदा त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. "काय काम काढलंत?" त्यांनी विचारले. एकदा सुंठ मागितली, एकदा हिरडा. आषाढ संपत आला. सगुणाबाईंचा प्रश्न विचारायचा अजून बाकी आहे.