कोपरा कापलेलं ग्रीटिंग

कुठून सुरू करू बापा? माझी फजिती ऐकून हसायचं तर हसा, पण चहा सांडू नका.

माझा स्वभाव धास्तीचा. माझ्या लेकीनं, परीनं, नुसती शिंक दिली की मी थर्मामीटर शोधते. तर झालं असं, परीच्या वाढदिवसाला रामाकोन्याच्या आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीला, बोलवायचं माझ्याकडून राहून गेलं. त्या अशा रुसल्या की फोनच उचलेनात! सासूबाईंचं एकच, "तुह्यामुळे रुसल्या, आता तूच मनव." माझी झोप उडाली.

मग मोबाइलवर ग्रीटिंग बनवायचा व्हिडिओ पाहिला. भेंडी आडवी कापली, पायाला लावायच्या लाल आलत्यात बुडवली, ठप्पा मारला, की झालं फूल! साडीच्या खोक्यातला बुट्ट्यांचा कागद चिकटवला. आत लिहिलं, 'आत्याबाई, राग सोडा, घरी या.' काय सुंदर दिसत होतं म्हणून सांगू! तेवढ्यात परीनं आलत्याचा हात एका कोपऱ्याला पुसला. मी कैची घेतली अन् तो कोपरा छाटून टाकला. मला तर उलट फॅशनच वाटली.

शेजारीण रामाकोन्याला चालली होती, तिच्या हाती कार्ड पाठवलं.

मारला न कपाळावर हात? आमच्याकडे कोपरा कापलेला कागद म्हणजे मौतीची खबर. तो घरात नेत नाहीत, धड वाचतही नाहीत, आधी रडतात. मला माहीत नव्हतं का? होतं! पण डोक्यात सगळी भेंडीच भरली होती.

दुपारी दारात जीप थांबली. आत्याबाई उतरल्या, मागून त्यांच्या तीन जावा. "माह्या भावा रे!" असा हंबरडा, की गल्लीतली कुत्री पळाली.

बाबा, म्हणजे माझे सासरे, ओट्यावर संत्रं सोलत बसले होते. बहिणीला रडत येताना पाहून त्यांना वाटलं, रामाकोन्यात कोणी गेलं. त्यांनी संत्रं टाकलं अन् तिच्या गळ्यात पडून रडायला लागले! सासूबाई धावत आल्या, त्याही रडल्या. मी कणकेच्या हातानं बाहेर आले. सगळे रडून राहिले, मग सून मागे राहिली तर लोक काय म्हणतील? मी सगळ्यांत मोठ्यानं रडले.

शेवटी सासूबाईंनीच डोळे पुसले. "अवं, पण गेलं कोण?"

"तेच तर मी विचारून राहिली!" आत्याबाई म्हणाल्या.

"मले काय माहीत? तूच रडत आली न!" बाबा म्हणाले.

"तुमच्याच घरून कोपरा कापलेलं कार्ड आलं बापा!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझी बोटं अजून आलत्यानं लाल होती.

आत्याबाई आधी चिडल्या, मग पोट धरून हसल्या. "मनवाची ही कोणती तऱ्हा वं, पोरी?" राग गेला. पण माझी धास्ती? अपशकुन झाला, आता बाबांना खरंच काही झालं तर? जामसांवलीच्या मारुतीला नारळ कबूल केला, अन् त्या चौघींना नवीन कार्डं पाठवली. सगळे कोपरे शाबूत, अन् शुभ दिसावं म्हणून प्रत्येक कोपऱ्याला हळद-कुंकू! आत लिहिलं, 'रविवारी चहाला या.'

रविवारी ट्रॅक्टर भरून माणसं आली. नारळ, ब्लाउजपीस, टॉवेल-टोपी, सगळा आहेर घेऊन!

"हळद-कुंकू लागलेलं बोलावणं आलं, म्हणून सारेच आलो," आत्याबाई म्हणाल्या. "कार्यक्रम कायचा आहे वं?"

घरात दूध अर्धा लिटर. सासूबाई माझ्याकडे अशा पाहून राहिल्या की माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबांचा वाढदिवस!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबांच्या डोक्यावर टोपी चढली, खांद्यावर टॉवेल पडला. मी खाली मान घालून पाया पडले, तर ते हळूच म्हणतात, "सूनबाई, त्या दिवशी मले मारलं, आज जन्माले घालून राहिली. मधात थोडं जगू देशील का?"