द्वारका चौकातला फ्लेक्स

धाकट्या दिरांच्या दुकानाची पायरी मी चढत नाही. लग्नकार्यात समोरासमोर आलो तर ते वाकून नमस्कार करतात, मी "बरं" म्हणते आणि पुढे सरकते. घरातल्यांना वाटतं, मी उगाच जुनं उगाळत बसले आहे. वाटू दे.

नव्वदच्या दशकात आम्ही नाशिकच्या इंदिरानगरला राहायला आलो, तेव्हा कॉलनीत निम्मे प्लॉट मोकळे होते आणि शेजारणींना एकमेकींची फार गरज होती. त्यातूनच आम्हा चौघींचं एक काम सुरू झालं. दिवाळी झाली की आम्ही घरोघर जाऊन वापरातले स्वेटर, चादरी, दुलया गोळा करायचो आणि पेठ तालुक्याच्या बाजूला एका पाड्यावर नेऊन द्यायचो. लोक काय काय देतात, हे तेव्हा कळलं. एका बंगल्यातून नुसत्या टाय आल्या होत्या. फाटकं असेल ते आम्ही परत करायचो. त्यावरून दोन घरांनी आमच्याशी बोलणं सोडलं, तेही चाललं. बाकीचं माझ्या गच्चीवर धुवून, बटणं लावून, घड्या घालून गठ्ठ्यात बांधलं जायचं.

पाड्यावर एक बाई होती, माझ्याच वयाची, उंच, बोलायला फटकळ. पहिल्या वर्षी आम्ही सगळ्यांना रांगेत उभं केलं, तर ती पुढे येऊन म्हणाली, "रांग कशाला? ठेवा तिथं. आमी घेऊ वाटून." आणि घेतलंही त्यांनी वाटून, कुणाची तक्रार नाही. नंतर आम्हाला तिच्या ओट्यावर बसवून तिने नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी वाढली. तेव्हापासून दरवर्षी तिच्याकडे जेवण ठरलेलं. भातकापणी उरकली की ती आणि तिचा नवरा बांधकामाच्या कामाला नाशिकला यायची. येता-जाता माझ्याकडे डोकावायची. नवरा फारसा बोलायचा नाही. गेटजवळच्या कट्ट्यावर बसून चहा प्यायचा आणि कप स्वतः विसळून ठेवायचा.

असं बरीच वर्षं चाललं. मग घरोघर इंटरनेट आलं.

माझ्या दिरांचं द्वारकेजवळ साड्यांचं दुकान. येवल्याच्या पैठण्या ही त्यांची खासियत. माणूस कष्टाळू, बोलायला गोड. त्यांनी दुकानात कॉम्प्युटर घेतला आणि सोशल नेटवर्कवर नाशिककरांची एक कम्युनिटी काढली. सुरुवातीला तिथे मिसळ कुठली चांगली, असल्या गप्पा चालायच्या. एकदा जेवताना त्यांनी आमच्या पाड्याबद्दल विचारलं. मी कौतुकाने सगळं सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला, "वहिनी, पुण्या-मुंबईहून मुलं यायला तयार आहेत. परदेशातून लोक विचारतायत. तुम्ही आता गठ्ठे बांधत बसू नका. सगळं नवंकोरं देऊ."

त्या हिवाळ्यात पाड्यावर गाड्यांची रांग लागली. जीन्समधली मुलंमुली उतरली आणि आधी त्यांनी एकमेकांचेच फोटो काढले. ब्लँकेटं खरोखरच नवी होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीवर दुकानाच्या नावाचा स्टिकर. एका पोराने ब्लँकेट मिळाल्या मिळाल्या अंगाभोवती गुंडाळलं, तर कॅमेरेवाल्या मुलीने ते काढायला लावलं, पुन्हा पिशवीत भरलं आणि पुन्हा त्याच्या हातात दिलं. पहिला फोटो हलला होता म्हणे.

माझी पाड्यावरची मैत्रीण तिच्या ओट्यावर उभी होती. घर नुकतंच सारवलेलं, दाराला रंग दिलेला. कॅमेरेवाल्या मुलीने इकडेतिकडे बघितलं आणि तिला म्हणाली, "मावशी, जरा तिकडे बसाल का?" तिकडे म्हणजे गुरांच्या गोठ्यात. भिंतीचा कूड एका बाजूने निसटलेला, त्यातून उजेड येत होता. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "गोठ्यात कशाला? घर आहे की तिचं." मुलगी हसून म्हणाली, "काकू, लाइट छान आहे तिथे." पाहुण्यांचा शब्द मोडायचा नाही म्हणून ती जाऊन बसली. अंगावरची शालही त्यांनी बाजूला ठेवायला सांगितली.

परतताना गाडीत मी दिरांना म्हटलं, "भाऊजी, हे मला आवडलं नाही." ते म्हणाले, "वहिनी, दिसलं नाही तर देणार कोण?"

पुढच्या वर्षी लग्नसराई तोंडावर आली असताना एका सकाळी ती नवऱ्याबरोबर माझ्या दारात आली. कामाची वेळ होती, म्हणजे काहीतरी बिनसलं होतं. नवरा नेहमीसारखा कट्ट्यावर बसला नाही, गेटबाहेर पाठ करून उभा राहिला. मी पाणी दिलं. तिने तांब्या खाली ठेवला आणि विचारलं, "बाई, मी निराधार हाय का?"

मला काही कळेना. तिने सांगितलं ते असं. मुकादमाने त्यांना टेम्पोत घालून द्वारकेकडे कामाला नेलं होतं. चौकात टेम्पो सिग्नलला थांबला, तर समोर मोठ्या बोर्डावर तिचा फोटो. गोठ्यातला. तिला वाचता येत नव्हतं, नवरा चौथी शिकलेला. त्याने वाचलं: निराधार मातेला ऊब देऊ या, प्रत्येक पैठणीमागे एक ब्लँकेट. टेम्पोतल्या बाकीच्यांनीही वाचलं. मुकादम तिच्या नवऱ्याला म्हणाला, "ही निराधार, तर मग तू कोण रे हिचा?" सगळे हसले. दिवसभर हसत राहिले. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला नाही.

"माझा नवरा जिता हाय," ती म्हणाली. "दोन पोरं हायेत. जमीन हाय थोडी. मी कुणाकडं कवा मागितलं? तुमी आणायच्या, आमी घ्यायचो. तुमी जेवून जायच्या. ते निराळं व्हतं."

मी चपला घातल्या. रिक्षात नवरा पुढे ड्रायव्हरशेजारी बसला. चौकात उतरल्यावर मी मान वर करून तो फ्लेक्स पाहिला. तिचा चेहरा एका खोलीएवढा केला होता आणि खालच्या कोपऱ्यात दागिन्यांनी मढलेली एक मॉडेल हिरव्या पैठणीत हसत होती.

दुकानात गिऱ्हाईक होतं. दिरांनी आम्हाला आतल्या खोलीत नेलं, थंड मागवलं. तिला पाहून त्यांना खरंच आनंद झाला होता, हे मला जास्त लागलं. "मावशी, तुम्हाला माहीत नाही, तुमचा फोटो अमेरिकेत पोचलाय," असं म्हणून त्यांनी कॉम्प्युटरवर फोटो उघडला. खाली लोकांनी लिहिलेल्या ओळीच ओळी.

ती खुर्चीच्या टोकावर बसून पाहत होती. मला म्हणाली, "काय लिव्हलंय? वाचा."

मी वाचत गेले. कुणी लिहिलं होतं, फार वाईट वाटलं. कुणी लिहिलं होतं, देव यांचं भलं करो, डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या खाली एका बाईने विचारलं होतं, पैठणी जांभळ्या रंगात मिळेल का? दिरांनी उत्तर दिलं होतं, हो ताई, जांभळ्यात आहे, घरपोच पाठवू.

"ही माणसं कोण?" तिने विचारलं.

"ओळखीची नाहीत," मी म्हटलं.

"मग यांना रडाया काय झालं?"

दीर म्हणाले, "मावशी, भावना समजून घ्या. तुमच्यासाठीच तर चाललंय हे." मग कपाटातून एक साडी काढून त्यांनी तिच्यापुढे ठेवली. तिने हात लावला नाही. दाराशी उभा असलेला तिचा नवरा तेव्हा पहिल्यांदा बोलला. "बोर्ड उतरवा."

"उतरवू की. सीझन संपला की फ्लेक्सवाला येईल."

"आज उतरवा."

मी म्हटलं, "भाऊजी, तो बरोबर बोलतोय. हिचा नवरा आहे तो. तुम्ही त्याला मेलेला दाखवलाय भर चौकात."

"निराधार म्हणजे विधवा असं नाही, वहिनी. तो एक शब्द आहे. लोकांच्या मनाला भिडतो."

नवऱ्याने पुढचं ऐकलं नाही. बाहेर गेला. आम्ही मागोमाग गेलो, तोवर तो लोखंडी सांगाड्यावर चढला होता. घमेल्यावर घमेलं उचलून चौथ्या मजल्यावर नेणारा माणूस तो, त्याला ते काय अवघड? कमरेचा विळा काढून त्याने एकेक दोरी कापली. फ्लेक्स एका बाजूने सुटला, वाऱ्याने फडफडला आणि रिक्षांच्या टपांवर येऊन पडला. हॉर्न वाजायला लागले. गर्दी जमली. दोघातिघांनी मोबाइल वर धरून फोटो काढले. ती खाली पदर खोचून उभी होती. फ्लेक्स तिने गोळा केला, घडी घातली, डोक्यावर घेतला आणि दोघं चालायला लागली. मी हाक मारली, पण ती थांबली नाही.

मला वाटलं होतं, प्रकरण इथे मिटेल.

संध्याकाळी दिरांनी कम्युनिटीवर लिहिलं. सांगाड्यावर चढलेल्या, हातात विळा घेतलेल्या माणसाचा फोटो टाकला आणि लिहिलं, ज्यांच्यासाठी आपण इतकं केलं त्यांनीच आज ही पावती दिली, तरी आपण खचायचं नाही. गोठा, मुकादम, त्यांनी स्वतः निवडलेला तो शब्द, यातलं काहीही त्यात नव्हतं. माझ्या मुलीने मला सगळं दाखवलं. लोक त्या नवऱ्याला दारुडा म्हणत होते. तो माणूस माळकरी होता. बायकोची कमाई बुडाली म्हणून चिडला असणार, असं एकाने लिहिलं होतं. या लोकांना फुकटची सवय लागली आहे, हे तर वेगवेगळ्या शब्दांत कितीतरी जणांनी. आदल्या वर्षी याच लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मी मुलीला शेजारी बसवून उत्तर लिहिलं. घडलं ते सगळं, त्याच क्रमाने. माझं नाव खाली घातलं. सकाळी पाहिलं तर ते गायब होतं आणि मलाही कम्युनिटीतून काढून टाकलं होतं. दिरांना फोन केला, तर म्हणाले, "वहिनी, घरातलं घरात बोलायला हवं होतं तुम्ही." भर चौकात परक्याची बायको टांगणारा माणूस मला घरातलं घरात ठेवायला सांगत होता. मी फोन ठेवला. आमच्या ह्यांनी मध्यस्थी करायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा मी त्यांच्यावरही ओरडले.

चौघींपैकी एक दिरांच्या बाजूला गेली. तिच्या मुलाचा बुटिकचा धंदा होता आणि त्याला ती कम्युनिटी हवी होती. बाकी दोघी थकल्या, म्हणाल्या, आता जुने कपडे मागायला गेलो तर लोक ऑनलाइन दिलंय म्हणून दार लावतात. ते खरंच होतं. दिरांनी दुसरा पाडा शोधला, तिथे नवी म्हातारी मिळाली. दुकान दुमजली झालं. समाजाला परत देणारा व्यापारी म्हणून त्यांचा कुठल्याशा क्लबात सत्कारही झाला.

मी उन्हाळ्यात एकटीच एसटीने पाड्यावर गेले. हातात काही नेलं नव्हतं, काय नेऊ तेच सुचलं नव्हतं. भाताच्या पेंढ्याच्या उडवीवर तो फ्लेक्स अंथरलेला दिसला, छापील बाजू खाली करून, कडेला दगड ठेवून. तिने मला ओट्यावर बसवलं आणि भाकरी वाढली. गप्पा तिच्या थोरल्याच्या लग्नाच्या, माझ्या गुडघ्यांच्या.

निघताना मी विचारलं, "हिवाळ्यात येऊ का गं, चादरी घेऊन?"

"तू ये," ती म्हणाली. मग माझ्या पिशवीत नागलीच्या पापडांची पुरचुंडी कोंबत म्हणाली, "चादरी नको. आता नको कुणाच्याच."