मोगरी उशिरा पडली

माझा आवाज चांगला आहे, असं आमच्या गावात सगळेच म्हणतात. शाळेतला पंधरा ऑगस्ट असो, भजनी मंडळाचा सप्ताह असो की आमदारांचा सत्कार, माईक शेवटी माझ्याच हातात येतो. मी मूळचा इथला नाही. जळगावात मेहरूणला तलावाच्या अलीकडे आमचं भाड्याचं घर होतं. शिक्षकाची नोकरी लागली म्हणून धुळ्याच्या बाजूच्या या तालुक्याच्या गावात आलो आणि इथंच राहिलो. पहिली काही वर्षं मी लोकांसाठी ‘जळगाववाले सर’ होतो. माईक हातात आल्यावर ‘आपले सर’ झालो. पुढचं सगळं समजायला हे माहीत असावं, म्हणून आधीच सांगितलं.

आमच्या गावात लाकडी रथ आहे. तीन मजल्यांची उंची, चार भरीव चाकं, वर कळस. कार्तिकी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी तो निघतो आणि गावभर फिरून संध्याकाळी देवळात परत येतो. रथाला ब्रेक नसतो. दोर ओढणारे शंभर हात पुढे असतात. रथ थांबवायचा किंवा वळवायचा झाला, तर लांब दांड्याची लाकडी पाचर चाकाखाली सारतात. तिला मोगरी म्हणतात. डाव्या चाकाखाली मोगरी गेली की रथ डावीकडे फिरतो, दोन्हीकडे गेली की जागेवर उभा राहतो. क्षणभर लवकर टाकली तर चाक ती उडवून लावतं. क्षणभर उशीर झाला तर रथ कुणाच्या ओट्यावर चढेल, सांगता येत नाही.

आमच्या रथाला मोगरी लावायचा मान एका सुतार घराण्याचा. मी आलो तेव्हा तो मान नानांकडे होता. नाना उंचीने बुटके, खांद्यात रुंद, बोलायला कमी. रथ हलण्याआधी पहिला नारळ देवापुढे फुटायचा आणि दुसरा मोगरीपुढे. मोगरीला पहिलं कुंकू नानांची बायको लावायची. गाव तिला अक्का म्हणतं. पाटलांच्या सुना, डॉक्टरीणबाई, सगळ्या ताट हातात घेऊन तिच्या मागे उभ्या असायच्या. वर्षातून एक सकाळ.

आता स्थापना दिनाचं. गाव कधी वसलं याबद्दल दोन मतं आहेत, पण नगरपालिकेने एक तिथी धरली आणि काही वर्षांपासून मिरवणूक सुरू झाली. शाळांची लेझीम पथकं, ट्रॉलीवरचे चित्ररथ, एका ट्रॉलीवर केळीच्या खांबांचं तोरण आणि त्याखाली शेतकऱ्याच्या वेशातली आठवीची मुलं, आदिवासी पाड्यांवरून आलेली, ढोल-पावरी वाजवणारी मंडळी. मी सांगतोय त्या वर्षी गावाच्या वयाचा मोठा आकडा पूर्ण होत होता. समितीने ठरवलं की मिरवणुकीच्या पुढे रथ असावा. मी समितीचा चिटणीस होतो. नानांना तयार करायचं काम माझ्याकडे आलं.

नाना अंगणात रंधा मारत होते. मी सांगितलं. त्यांनी रंधा थांबवला नाही.

“रथ त्यान्या दिनले निंघस, सर.”

“नाना, गावाचा वाढदिवस आहे. देव काय रागावेल?”

“देवनं माले माहीत नही. चाकनं माहीत शे.” मग रंधा खाली ठेवून त्यांनी मला उताराबद्दल सांगितलं. जुन्या वेशीपाशी रस्ता वळतो आणि लगेच नदीकडे उतरतो. पूर्वी तिथे माती होती, चाक मातीत रुतायचं. आता काँक्रीट झालं होतं. “तठे माले चाक ऐकू येवाले पाहिजे. दोरवाल्यासले मना आवाज ऐकू जावाले पाहिजे. तुम्ना भोंगा बंद ठेवशात का?”

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. “शब्द देतो, नाना. वेशीपासून नदीपर्यंत एक शब्द बोलणार नाही.”

“शब्द देतस आनि बोलतबी नही,” आतून अक्का म्हणाली. “बरं शे.” नाना हसले. मीही हसलो.

मिरवणुकीच्या सकाळी मी उघड्या जीपमध्ये उभा होतो. रथाच्या थोडं पुढे, तोंड मागे करून, म्हणजे मला सगळं दिसत होतं. वेस आली तशी मी माईक बंद केला, ढोलवाल्यांना हात केला. तेही थांबले. नाना डाव्या चाकापाशी होते, उजवीकडे त्यांचा पुतण्या. गर्दीत एकदम शांतता पसरली आणि चाकाचा करकर आवाज मला जीपवर ऐकू आला.

त्याच वेळी उजव्या हाताच्या मंडपात प्रमुख पाहुणे आले. त्यांना उशीर झाला होता. समितीचे अध्यक्ष, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, मंडपातून मला खुणा करू लागले. मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि समितीतल्या एका माणसाला जीपकडे पिटाळलं. तो टाचा उंचावून म्हणाला, “सर, भाऊ चिडलेत. पाहुणे शांततेत आले म्हणे, मयतीला आल्यासारखे. नाव घ्या पटकन.”

एक नाव घ्यायला किती वेळ लागतो? मी माईक सुरू केला. नाव घेतलं. टाळ्या झाल्या. टाळ्या झाल्या की मला थांबता येत नाही, हा माझा दोष मला तेव्हाही माहीत होता. मी म्हणालो, “पाहुण्यांच्या स्वागतासाठी, होऊन जाऊ द्या! लावा जोर!”

नाना त्या वेळी तोंड वर करून “ढील द्या, ढील” म्हणत होते. त्यांचे ओठ मला दिसले. दोरवाल्यांना ऐकू आला तो माझा आवाज. शंभर हातांनी हिसका दिला. रथ उतारावर उडी मारल्यासारखा सुटला. नानांनी मोगरी टाकली, पण चाक तिथून पुढे निघून गेलं होतं. त्यांनी दांडा ओढून पुन्हा टाकायला एक पाऊल पुढे घेतलं आणि ते पाऊल चाकाखाली गेलं.

रथ भांड्यांच्या दुकानाच्या ओट्याला धडकून थांबला. कळस वाकला. बाकी कुणाला काही झालं नाही. नानांना धुळ्याला नेलं. उजव्या पायाची तीन बोटं काढावी लागली. टाच जुळली ती वाकडी.

दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या मागच्या खोलीत समितीची बैठक झाली. आम्ही सहा जण आणि नोंद घ्यायला आलेला एक हवालदार. चहा आला. हवालदाराने विचारलं, “नेमकं कसं झालं?”

अध्यक्ष म्हणाले, “नानांचं वय झालंय हो. मोगरी उशिरा पडली.” मग ते माझ्याकडे वळले. “सर तर वर होते. सरांनी पाहिलंय.”

सगळे माझ्याकडे बघू लागले. माझ्या हातात कप होता. मी तो बशीत ठेवला.

“हो,” मी म्हणालो. “उशिरा पडली.”

हे खोटं नव्हतं. त्यामुळेच ते इतकी वर्षं माझ्या घशात अडकून राहिलं. साफ खोटं बोललो असतो तर कदाचित लवकर कबूल करता आलं असतं. मी एक खरी गोष्ट सांगितली आणि तिच्या आधीची खरी गोष्ट गिळली. जीपपाशी निरोप घेऊन आलेला माणूसही त्या खोलीत होता. तो बशीतून चहा पीत राहिला. बैठकीचं इतिवृत्त मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, असंही गावात म्हणतात.

त्या कार्तिकाच्या आधी समितीने एका वर्कशॉपमधून रथाला लोखंडी ब्रेक बसवून घेतला. मोगरीचं काम संपलं, मानही संपला. अक्काला कुणी कुंकवाला बोलावलं नाही. कुणी मुद्दाम टाळलं असं नाही. मोगरीच नव्हती, मग बोलावणार कशाला? नंतर एकदा ती मला बाजारात भेटली, भाजीच्या ढिगापाशी. पिशवी सावरत म्हणाली, “सर, तुम्ही वर व्हतात ना? मंग तुम्ही काय देखं?”

मी म्हणालो, “गर्दी फार होती, अक्का.”

ती ढिगाकडे वळली. मग दुकानदाराला म्हणाली, “दे रे दोन जुड्या मेथी.”

नानांनी कधीच काही विचारलं नाही. रस्त्यात दिसले की काठी डाव्या हातात घेऊन उजव्या हाताने नमस्कार करायचे. मी सायकल दुसऱ्या गल्लीने नेऊ लागलो.

यंदाच्या स्थापना दिनाला समितीने पुन्हा मिरवणुकीपुढे रथ काढायचं आणि जुन्या वस्तूंचं प्रदर्शन मांडायचं ठरवलं. दगडी जातं, पितळी कंदील, नगरपालिकेचा पहिला शिक्का. त्यात मोगरीही आली. तिच्यापुढचं कार्ड मी लिहिलं: ‘रथोत्सवात पूर्वी वापरली जाणारी मोगरी.’ ओळ नेहमीसारखी सरळ आली. शिवाय नानांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा आणि त्यांच्याबद्दल दोन शब्द मी बोलायचे, असं ठरलं. नानांचा निरोप आला: शाल नको. सरांना घरी पाठवा.

मी गेलो. नाना पलंगावर बसले होते, पाय उशीवर. अक्का दारात डाळ निवडत होती. मी बसण्याआधीच बोलायला लागलो. वेस, पाहुणे, माईक, ‘लावा जोर’, बैठक, चहाचा कप, सगळं सांगितलं. अक्काचे हात थांबले. सांगून झाल्यावर मी म्हणालो, “नाना, परवा स्टेजवरून मी हे सगळ्या गावासमोर सांगतो.”

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला हलकं वाटलं होतं. शब्द मनात जुळायला लागले होते. कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा, तेही.

नाना म्हणाले, “भोंगावर नका सांगू, सर. भोंगावर तुम्ले सोपं जास.” मग म्हणाले, “ज्या खोलीमा बोलनात, त्याच खोलीमा सांगा.”

मला त्या खोलीचीच भीती होती. हजार माणसांची कधी वाटली नाही.

तरी सांगितलं. त्याच संध्याकाळी, त्याच टेबलापाशी. सहापैकी एक जण वारला होता, पाच होतो. मी सांगत असताना अध्यक्ष मोबाईल उलटा-सुलटा करत राहिले. निरोप आणणारा माणूस खिडकीकडे बघत होता. माझं झाल्यावर तो म्हणाला, “सर, आता हे कशाला? माणूस जिवंत आहे, चालतोय.”

“वाकडा चालतोय,” मी म्हणालो.

“मग काय, माझं नाव घ्यायचंय का तुम्हाला?” अध्यक्षांनी विचारलं.

“नाही. माझं.”

मी इतिवृत्ताची जुनी वही उघडली. माझ्याच अक्षरातल्या ओळीखाली लिहिलं: ‘मोगरी उशिरा पडण्याचे कारण, ध्वनिक्षेपकावरून मी दिलेली सूचना.’ खाली सही केली. कुणी अडवलं नाही, दुसऱ्या कुणी सहीही केली नाही. शेवटी अध्यक्षच म्हणाले, “बरं, यंदा अक्कांना कुंकवाला बोलवा. मान देऊ. विषय संपवा.”

बोलावणं घेऊन मीच गेलो. अक्काने ऐकून घेतलं. “मोगरी कोठे शे?”

“प्रदर्शनात.”

“मंग मी कसाले कुंकू लावू? बिरीकले?”

नाना भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांचे खांदे हलले. हसले की काय, कळलं नाही.

स्थापना दिनाला माईक मी घेतला नाही. एका तरुण शिक्षकाला दिला आणि वेशीपासून नदीपर्यंत बंद ठेवायचं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. तो बिचारा खरंच गप्प राहिला. नाना वेशीजवळ एका ओट्यावर येऊन बसले होते. अक्का आली नव्हती. मी त्यांच्या शेजारी उभा होतो.

रथ वळला. ब्रेक लागला, लोखंडाची किंकाळी उठली, त्याखाली लाकडाचा आवाज. नानांनी मान तिरकी केली.

“डावं चाक रडी ऱ्हायनं. तेल नही टाकं कोन्ही. जा, सांगा त्यास्ले.”

मी गर्दीतून धावत गेलो. ब्रेकपाशी बसलेल्या पोराला ओरडून सांगितलं, “नाना म्हणतात, डाव्या चाकाला तेल नाही!”

तो हसला. “बिरीक शे ना, सर!”

रथ थांबला नाही. मी परत आलो तेव्हा नाना तसेच बसले होते, मान तिरकी, काठी दोन्ही हातांत. “सांगं?” त्यांनी विचारलं.

“सांगितलं. ऐकलं नाही.”

त्यांनी मान हलवली. चाकाचा आवाज नदीकडे लांब जाईपर्यंत आम्ही दोघं ऐकत होतो. मग पुढे कुठेतरी माईक सुरू झाला आणि तो आवाज त्यात बुडाला.