बटणकाका दुकान वाढवतात

बटणकाकांचं दुकान म्हणजे रस्त्याकडेची टपरी. तीत काका, बटणांच्या बरण्या आणि सुया-दोरे एवढंच मावे. गिऱ्हाईक बाहेर उभं राही आणि एका बटणासाठी तासभर बोले. काकांना तेच हवं असे. बटण हे निमित्त. त्यांचा एक हट्ट मात्र पक्का होता. दुकानदारानं ‘बंद’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. संध्याकाळी फळ्या लावताना ते ‘दुकान वाढवतो’ असंच म्हणत.

पुढे तिथल्या दुकानदारांनी मिळून मोकळ्या मैदानावर नवी दुकानं बांधायची ठरवली. मधे चौक, भोवती दुकानं, लोकांनी यावं, बसावं, गप्पा माराव्यात. आराखडा काढणारी आर्किटेक्ट मुलगी त्याला ‘शॉपिंग व्हिलेज’ म्हणे. ती काकांकडे पोचली नेमकी दिवेलागणीला.

“काका, दुकान वाढवायचंय का?”

“म्हणजे काय! हे काय, वाढवतोच आहे,” काका फळी उचलत म्हणाले.

मुलगी खूश होऊन गेली. नवं दुकान बघितलं तेव्हा काकांच्या तोंडचं पाणी पळालं. शाळेच्या वर्गाएवढी खोली! बरण्या एका कोपऱ्यातच संपल्या. उरलेल्या जागेत काका नुसते खोकले तरी घुमायचं. घोटाळा कबूल करावा तर हसं होणार, म्हणून ते मूग गिळून बसले. त्यात दुकानदारांच्या समितीचा नियम असा, की महिन्याभरात ज्याचं दुकान रिकामं दिसेल त्यानं मागे पाण्याच्या टाकीजवळच्या खोलीत जायचं. तिकडे चिटपाखरू फिरकत नसे. बटणं एक वेळ खपली नसती तरी चाललं असतं, पण दिवसभर माणसाचं तोंड दिसणार नाही या विचारानं काकांची झोप उडाली.

शेवटी त्यांनी घरातल्या जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची उचलून आणली. तेवढीच जागा भरलेली दिसेल. मग दुसरी, मग तिसरी. चौकातले दगडी बाक उन्हानं असे तापत की बसणारा ताडकन उठे, त्यामुळे लोक काकांच्या सावलीला येऊ लागले. निवृत्त पोस्टमन आला तो उठेचना. शिंपीणबाई काजं-बटणं करायला इथेच सतरंजी टाकून बसू लागल्या.

घरी काकू भडकल्या. “उद्या टेबल नेणार की मला?”

महिना भरला. समितीचे अध्यक्ष, म्हणजे शेजारचे भांडीवाले, रिकामी जागा मोजायला टेप घेऊन आले. आत पाऊल टाकायला जागा नाही! कुणीतरी त्यांना बसवलं, शिंपीणबाईंनी त्यांच्या शर्टाचं लोंबतं बटण टाचलं, आणि अध्यक्ष आपल्या गुडघ्याची कहाणी सांगू लागले. टेप खिशातच राहिली. काकांचा जीव भांड्यात पडला.

इतक्यात काकू दारात. खुर्च्या परत न्यायला आलेल्या, पदर खोचून. त्यांनी तोंड उघडायच्या आत शिंपीणबाईंनी सरकून त्यांना शेजारी बसवलं. काकू बसल्या आणि बोलत सुटल्या. मुलं परगावी गेल्यापासून काकांनी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. आपण रोज माणसांत आणि ही चार भिंतींशी, हे मनात आलं आणि काकांना फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका निघाले, तर काकू त्यांच्याआधीच दारात उभ्या. हातात आणखी एक खुर्ची.

“अगं, घरात राहिल्या किती?”

“दोन. बाकीच्यांवर इतक्या वर्षांत बसलंय कोण?”