खुर्चीच्या वजनावर आलेला आळ

प्रथम तारखा. होळीच्या आदल्या दिवशी आमच्या जुन्या गाडीतले गॅसचे किट आणि डिकीतली टाकी काढण्यात आली. होळीनंतरच्या पहिल्याच फेरीत उड्डाणपुलाच्या चढावर इंजिनातून टकटक ऐकू आली. गुढीपाडव्याच्या सुमारास मी गाडी त्याच गॅरेजमध्ये परत नेली आणि तिथे चार गिऱ्हाइकांसमक्ष एक वाक्य उच्चारले गेले. रामनवमीच्या दिवशी मी पेट्रोल पंपावर तपासणीची मागणी केली. नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, लागण्यापूर्वी दोष सापडला. ते वाक्य मात्र अद्याप मागे घेतले गेलेले नाही.

आता ज्यांना मी जबाबदार धरतो किंवा धरले होते ते. पहिला गॅरेजचा तरुण मालक. दुसरा पेट्रोल पंपाचा व्यवस्थापक. त्याच्यावरील आरोप मी लेखी मागे घेतला आहे, पण तो केला होता हे लपवण्याचे कारण मला दिसत नाही. तिसरा, आमच्या बाजूचा गाड्यांना गॅस देणारा एकमेव पंप कोणतीही सूचना न देता बंद करणारा इसम. हा तिसरा आता रायपुरात राहत नाही, त्यामुळे त्याच्यापर्यंत माझे पत्र पोहोचले नाही.

माझ्या पत्नीच्या मूत्रपिंडांचे काम गेल्या वर्षापासून यंत्र करते. एक दिवसाआड तिला समता कॉलनीतल्या दवाखान्यात न्यावे लागते. आमचे घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, अभनपूरच्या रस्त्याकडे. ऑटोचे हादरे तिला सोसत नाहीत, आणि उपचारानंतर रक्तदाब उतरलेला असल्यामुळे सीट मागे पाडून तिला आडवे करूनच परत आणावे लागते. म्हणून ही गाडी. दवाखान्याच्या फाटकापासून आतल्या खोलीपर्यंत लांबच लांब मोकळी फरशी आहे. तेवढे चालणे तिला जमेना, तेव्हा आम्ही चाकांची खुर्ची घेतली. खुर्ची डिकीत मावेना, कारण तिथे गॅसची टाकी होती. गॅस मिळणे तर बंदच झाले होते, टाकीत उरला होता तेवढ्यावर गाडी चालत होती. टाकी काढून घेण्याचा निर्णय माझा, आणि तो योग्य होता असे मी आजही म्हणतो.

काम ज्याला दिले तो गॅरेजमालक आमच्याच, इथल्या मराठी समाजातला. त्याच्या आजोबांबरोबर माझे वडील गणपतीच्या मंडपात बसत. या मुलाला मराठी पूर्ण समजते. उत्तर तो हिंदीत देतो. ते चालते. आमच्या घरातली नातवंडेही तसेच बोलतात.

आवाजाचे वर्णन मी गॅरेजमालकाला लिहिलेल्या पहिल्या पत्रात केले होते, तेच इथे देतो. गाडी चढावर असताना, वरच्या गिअरमध्ये, पाय अॅक्सिलरेटरवर दाबला की इंजिनातून कोरडी, बारीक, भराभर टकटक येई, जणू कोणी पितळेच्या डब्यावर नाण्याची कड आपटत आहे. पाय उचलला की थांबे. सपाट रस्त्यावर गाडी निमूट चाले. ऊन चढले की आवाज वाढे, आणि आमची परतीची वेळ नेमकी भर दुपारची. पुलाजवळ आलो की माझे हात स्टिअरिंगवर घट्ट होत. शेजारी आडवी असलेली पत्नी डोळे मिटून घेई. पुलाच्या मध्यावर, ट्रकांच्या रांगेत, गाडी बंद पडली तर हिला उचलून कुठे न्यायचे, हा एकच विचार मी चढ संपेपर्यंत करत असे.

गॅरेजमध्ये त्यांनी प्लग बदलले, कार्बोरेटर धुतला, रेडिएटरचे पाणी पाहिले. फेरी मारली, आवाज होताच. तेव्हा मालकाने डिकी उघडली, घडी केलेली खुर्ची पाहिली, आणि हसत हसत, गाडीत बसलेल्या माझ्या पत्नीला उद्देशून म्हणाला, "आंटी, एक तो बूढी गाडी, ऊपर से आपकी कुर्सी का वजन. इंजन तो चिल्लाएगा ही ना."

बाकावरची गिऱ्हाइके हसली. पत्नीही हसली. मी हसलो नाही, पण काही बोललोही नाही, कारण इंजिनावर भार वाढला की असा आवाज वाढतो हे मी वाचले होते, आणि त्या क्षणी मला त्याचे म्हणणे निव्वळ चुकीचे ठरवता आले नाही.

पुढच्या फेरीला मी डिकी उघडली तर खुर्ची नव्हती. ती बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्यावर चादर घातली होती.

"राहू द्या ना," पत्नी म्हणाली. "मले चालता येते. डॉक्टरही म्हणतात, चालावं."

डॉक्टरांनी असे म्हटले नव्हते. मी विचारून घेतले. पण ती चालू लागली. जाताना भिंतीला हात लावून, येताना माझ्या खांद्यावर भार टाकून. उपचाराआधी रक्तदाब मोजला की तो चढलेला निघे आणि तिला तासभर बसवून ठेवत. नर्सने मला बाजूला घेऊन विचारले, घरी काही वाद होतात का. मी सांगितले की वाद आहे, परंतु तो पेट्रोल कंपनीशी आहे.

कारण तोपर्यंत माझा संशय पेट्रोलवर गेला होता. पंपावर इंधनाची शुद्धता तपासून मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे आणि मी तो बजावला. व्यवस्थापकाने फिल्टर पेपरवर थेंब टाकून दाखवला. तो उडाला, डाग राहिला नाही. मग काचेच्या उंच नळीत घनता मोजली, तापमानाचा तक्ता काढला आणि आकडा माझ्यासमोर मांडला. आकडा मर्यादेत होता. मागे मोटारसायकलींची रांग लागली होती आणि कोणीतरी ओरडून विचारत होते की बाबूजी पेट्रोल भरायला आले आहेत की पिऊन पाहायला. समाधान न झाल्यामुळे मी महागडे, जास्त ऑक्टेनचे पेट्रोल भरले. आवाज कमी झाला. माझा संशय पक्का झाला आणि मी तक्रारीचा मसुदा लिहायला बसलो.

मसुदा वाचून दाखवण्यासाठी मी शेजाऱ्यांना बोलावले. हे गृहस्थ पॉलिटेक्निकमध्ये मोटारींचे शास्त्र शिकवून निवृत्त झालेले आहेत. मी महसूल खात्यात होतो, वकील कधीच नव्हतो, तरी ते मला वकीलसाहेबच म्हणतात. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"वकीलसाहेब, भाषा झकास आहे," ते म्हणाले. "पण आरोपी चुकीचा दिसून राहिला. पेट्रोलमध्ये भेसळ नाही म्हणून ते लवकर पेटणार नाही, असं काही नाही. महाग पेट्रोलनं आवाज दबला, म्हणजे फक्त तो दबला. सुरू कधी झाला ते सांगा."

मी म्हणालो, होळीनंतर. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली पत्नी त्यावर हळू आवाजात बोलली.

"खुर्ची पहिल्यांदा डिकीत ठेवली, त्याच दिवसापासून. पहिल्याच चढावर आला होता आवाज. मी बोलले नाही."

तिने हे कबुलीजबाबासारखे सांगितले. म्हणजे गॅरेजवाल्याच्या थट्टेआधीपासूनच तिच्या मनात हे होते, आणि त्याने त्यावर केवळ बाहेरून शिक्कामोर्तब केले. मला तिच्याकडे पाहवेना.

शेजारी मात्र खुर्चीतून उठले. खुर्ची ठेवण्यासाठी डिकीतून काय काढले, असे त्यांनी विचारले. मी गॅसच्या टाकीचे सांगितले. त्यांनी कपाळावर हात मारला, घरी गेले आणि ठिणगीची वेळ तपासायचा, पिस्तुलासारखा दिसणारा टायमिंग लाइट घेऊन आले.

त्यांनी जे समजावले ते असे. इंजिनात ठिणगी पिस्टन वर पोहोचण्याच्या किंचित आधी पडते. गॅस पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, म्हणून किट बसवणारे मेकॅनिक डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना पाळीपाळीने वीज वाटणारा भाग, थोडा फिरवून ठिणगी आणखी आधी आणतात. बहुतेक ठिकाणी हे कानाने ऐकून, अंदाजाने करतात आणि कुठे नोंदही ठेवत नाहीत. आमची गाडी पेट्रोलवर फक्त सुरू होई आणि पुढे गॅसवर चाले, त्यामुळे इतकी वर्षे काही कळले नाही. किट काढल्यावर डिस्ट्रिब्युटर मूळ जागी आणायला हवा होता. तो कोणी आणला नाही. ठिणगी वेळेआधी पडत राहिली, वर येणाऱ्या पिस्टनवर दाब येत राहिला, उरलेले इंधन आपोआप भडकत राहिले. त्याचीच ती टकटक. असेच चालू राहिले असते तर पिस्टन फुटला असता.

त्यांनी डिस्ट्रिब्युटरला जोडलेली व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद केले, लाइटची चिमटी पहिल्या प्लगच्या तारेवर लावली आणि फिरणाऱ्या पुलीवर प्रकाश टाकला. पुलीवरची खूण इंजिनावरच्या अंशांच्या पट्टीवर दिसायला हवी होती. ती पट्टीच्या पार बाहेर होती. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करून त्यांनी तो केसभर, मग आणखी केसभर फिरवला. खूण सरकत जागेवर आली. बोल्ट आवळला. त्याच दुपारी आम्ही साधे पेट्रोल भरून, एसी लावून, वरच्या गिअरमध्ये पूल चढलो. मी कान देऊन ऐकत होतो. फक्त टायरांचा आवाज होता.

घरी येऊन मी पत्नीला सगळे सांगितले. टाकी खुर्चीपेक्षा कितीतरी जड होती. ती डिकीत असताना इतकी वर्षे आवाज नव्हता. तेव्हा वजनाचा मुद्दा पुराव्यानेच बाद होतो. तिने ऐकले, मान हलवली.

"तुम्ही सगळ्यांशीच भांडता," ती म्हणाली. "उद्या माझ्यासाठी सूर्यालेही नोटीस द्याल. तुमचं मी काय खरं मानू? त्या पोट्ट्याले काहून उगाच त्रास द्यायचा? गाडी बरी झाली ना, झालं."

आणि दुसऱ्या सकाळी खुर्ची घरीच राहिली. शेजाऱ्यांनीही येऊन सांगितले. तिला वाटले, मीच त्यांना पढवले. गेल्या आठवड्यात परतताना दवाखान्याच्या फरशीवर तिचे गुडघे वाकले. मी धरले म्हणून ती पडली नाही. प्रत्येक वेळी मला धरता येईलच, याची हमी माझे वय देत नाही.

गॅरेजमालकाला मी दोनदा लिहिले. पहिल्यावर उत्तर नाही. दुसऱ्यावर त्याने फोन केला आणि म्हणाला, "अंकल, ठीक हो गया ना, अब जाने दो." जाऊ देणे माझ्या हातात नाही, कारण ते वाक्य त्याने मला उद्देशून उच्चारले नव्हते.

म्हणून माझी मागणी इथे जाहीरपणे नोंदवतो. येत्या सोमवारी सकाळी, गिऱ्हाइके बाकावर असतील अशा वेळी, मी गाडी त्याच्या दाराशी उभी करीन. पत्नी पुढच्या सीटवर असेल. किट काढताना टायमिंग पाहिले होते की नाही, आणि इंजिनाच्या आवाजाशी खुर्चीचा काही संबंध होता की नाही, या दोन प्रश्नांचे उत्तर त्याने बाहेर येऊन, गिऱ्हाइकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, तिच्याकडे पाहून द्यावे. हिंदीत दिले तरी चालेल.